आखूड दोरी

"भिंतीला टेकू नका हं, रंग ओला आहे," रवींद्र म्हणाला.

घर बघायला आलेले दोघं खोलीच्या मधोमध उभे राहिले. केदार आणि त्याची बायको आसावरी. डोंबिवलीहून आले होते. आसावरीला सातवा महिना लागला होता.

आंबिवली स्टेशनच्या मागं, नदीच्या अंगाला असलेलं हे बैठं घर. पुढं अंगण, अंगणात शेवगा. रवींद्रची आई मंजुळा दाराशी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. हे घर विकलं गेलं तरच वर्तकनगरचा फ्लॅट होणार होता. आईला आणखी एक पावसाळा इथं एकटीनं काढू द्यायचा नाही, असं रवींद्रनं ठरवलं होतं.

"स्टेशन किती लांब?" केदारनं विचारलं.

"दहा मिनिटं."

"धावलं तर," मंजुळा म्हणाली.

आसावरी हसली. रवींद्र हसला नाही. आज काही बोलायचं नाही, असं त्यानं सकाळीच आईला बजावलं होतं.

केदार विजेच्या बोर्डापाशी थांबला. "बटणं, प्लग, सगळं डोक्याएवढ्या उंचीवर? असं का?"

"माझा मुलगा, सम्यक. लहानपणी फार वांड होता. दिसेल तिथं बोट घालायचा."

मंजुळेनं रवींद्रकडं पाहिलं. सम्यकनं कधी कशात बोट घातलं नव्हतं. ती परत शेंगा सोलू लागली.

आसावरीला वर तुळईत लोखंडी कडी दिसली. "आजी, ही पाळण्याची ना?"

"हो. सम्यक इथंच वाढला."

"केदार, बघ ना. वारा पण येतो इथं." तिनं गुडघ्याच्या जरा वर हात धरला. "एवढ्यावर पाळणा आला की मला बसल्या बसल्या झोका देता येईल."

मंजुळेनं सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात देऊन ती उठली.

"इथंच बांध, पोरी. पण दोरी आखूड ठेव."

"का हो?"

"आई," रवींद्र म्हणाला.

मंजुळा भिंतीपाशी गेली. छातीएवढ्या उंचीवर तिनं पंजा टेकवला.

"नदीचं पाणी इथवर येतं. दरवर्षी नाही. मी आल्यापासून तीनदा आलं. पण येतं तेव्हा आवाज करत नाही."

केदारनं पुन्हा एकदा त्या उंच बटणांकडं पाहिलं. आसावरीचा हात पोटावर गेला.

मंजुळेनं हात काढला. भिंतीवर पाच बोटं उमटली होती. जिथं रंग निघून आला होता, तिथं खालची जुनी, मातकट रेघ दिसत होती.

रवींद्रनं खुर्चीवरचं फडकं उचललं. भिंतीपर्यंत गेला. पण त्यानं पुसलं नाही. फडकं हातात धरून तो वरच्या कडीकडं बघत राहिला.

"सम्यक चार महिन्यांचा होता," तो आसावरीला म्हणाला. "दोरी मीच आखूड केली होती."