बाटलीच्या बुडाशी चिमणी

शेवटची बाटली खिडकीत ठेवून ती दोन पावलं मागे सरली. बाटली कसली, घागरच. हिरवी, गोल पोटाची, आखूड मानेची, काचेत बुडबुडे अडकलेली.

“घरात नवं माणूस यायचंय आणि तू काचा मांडून बसलीस,” सासूबाई दारातून म्हणाल्या. “एक धक्का लागला की सगळं पायात.”

“खिडकीतल्या सगळ्या बांधल्यात, आई. स्टुलावरची तेवढी मोकळी.”

“ती का म्हणून?”

“हाताळायला.”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. गेले कित्येक महिने सून भंगाराच्या दुकानांतून या जुन्या बाटल्या हुडकत होती. त्यातही नखरे. घडवणाऱ्याने काच गरम असताना बुडाशी उमटवलेली नखाएवढी चिमणी असली तरच घ्यायची, नाहीतर भंगारवाल्याला नमस्कार. एवढं पारखून तर आम्ही सूनही आणली नव्हती, असं सासूबाईंनी शेजारणीला ऐकवलंही होतं.

पण खोली सगळ्यांनी मिळून लावली. नवऱ्याने न्हाणीघराची आतली कडी काढली, टेबलाचे कोपरे कापडाने गुंडाळले. पलंग बुटका करून घेतला. गादीवर रबरी कापड घालायचं सासूबाईंनाच सुचलं.

संस्थेच्या बाईंनी आधीच बजावलं होतं. स्वारी रात्री उठून दार शोधते, भरवल्याशिवाय जेवत नाही, रुसली की दिवसच्या दिवस बोलत नाही. महिनाभर ठेवून बघा. रुळली तर उत्तम, नाहीतर इथली जागा धरून ठेवते.

परत पाठवायची वेळ येईल, हीच सुनेला धास्ती. भेटायला जाई तेव्हा स्वारी तिला नुसतं ‘बाई’ म्हणायची आणि तोंड फिरवायची. हसू दिसलं ते एकदाच. औषधाच्या रिकाम्या बाटलीत फुंकर मारून आवाज काढणं चाललं होतं. त्या दिवशी परतताना ती पहिल्यांदा भंगाराच्या दुकानाशी थांबली.

दुपारी गाडी आली. संस्थेच्या बाईंचा हात घट्ट धरून स्वारी उतरली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत पलंगावर बसली. सुनेने घास पुढे केला, तर मान वळली. नवऱ्याने टाळी वाजवून गंमत करून पाहिली. त्याचं त्यालाच हसू आलं, बाकी कुणाला नाही.

“बाई, घरी जायचं.” एवढंच.

संस्थेच्या बाईंनी हळूच पर्स काखेला लावली. उठल्या मात्र नाहीत.

तेवढ्यात ऊन फिरून खिडकीशी आलं. भिंतीवर, गादीवर, बुटांवर हिरवे नि मधाच्या रंगाचे डाग पडले. स्वारी उठली, स्टुलाकडे गेली. सासूबाई धावणार, तोच सुनेने त्यांचं मनगट धरलं.

स्वारीने ती मोकळी बाटली छातीशी कवटाळली, तिच्या तोंडाशी ओठ नेले.

हुंऽऽ. सगळी खोली घुमली.

मग अंगठा बुडाखाली गेला. फिरत फिरत चिमणीवर येऊन थांबला, आणि बराच वेळ तिथेच राहिला. मान वर झाली. नजर सुनेच्या चेहऱ्यावर ठरली.

“चिमे,” स्वारी म्हणाली, “केवढी मोठी झालीस गं. बाबाला ओळखलं नाहीस होय?”