आंबूस वास

वडवणीहून आलेल्या जावयानं, लखननं, स्वस्तातली लाल वाईन पुढं केली. आश्रुबानं आधी हुंगली, मग जिभेला लावली.

"रंग घातलाय जावईबापू ह्यात. अन् ह्यो आंबूस वास मी कुठंतरी घेतलाय."

"रंग सालीचाच हाय, मामा. हे जाड सालीचं, बियांचं काळं द्राक्ष खायला कुणी घेत न्हाई. पण चेंबून ठेवलं की आपोआप आंबतं अन् चढतं."

आश्रुबानं ग्लास पुन्हा हुंगला. नर्सरीवाल्यानं गळ्यात मारलेल्या वेलांची असलीच द्राक्षं त्यानं मागच्या साली गोठ्यामागं ओतली होती. आठवड्यानं शेळ्या झोकांड्या खायला लागल्या, अन् शेजारच्या सख्ख्या भावानं करणी केली म्हणून त्यानं त्याच्याशी बोलणं तोडलं.



ग्लास तसाच ठेवून त्यानं वर्षभरानं भावाचं दार वाजवलं, "अंगदा, हायस का रं?"