स्टँडकडचं दार

कंडक्टर वाल्मीकभाऊंनी एसटी सोडायची डबल बेल द्यायला दोरीला हात घातला आणि तसाच ठेवला.

"दार कुठंय?" खिडकीशी बसलेल्या मंगळूनं विचारलं होतं.

दार नव्हतंच. फलाटासमोर, रस्त्यापलीकडं काळ्या दगडाची जुनी धर्मशाळा उभी होती. बांबूंची परांची होती, 'मुलींचे ज्युनिअर कॉलेज' अशी कोरी करकरीत पाटीही होती. पण स्टँडच्या अंगाला होती नुसती भिंत, आणि त्या भिंतीत गज काढलेली एक खिडकी. खरा दरवाजा पलीकडच्या गल्लीत होता.

मंगळूशेजारी बसलेल्या सरितानं बापाकडं पाहिलं. मुक्कामी गाडी रात्री पाड्यावर थांबली की वाल्मीकभाऊ त्यांच्याकडंच जेवायचे. भाकरी मोडता मोडता त्यांनीच शब्द दिला होता, की पोरगी कॉलेजच्या दारातून आत गेलेली रोज डोळ्यांनी बघीन, मगच गाडी पुढं सिन्नरला काढीन. त्या शब्दावर मंगळू कॉलेजला 'बरं' म्हणाला होता.

"इतकी वर्षं बघतोय ही इमारत," वाल्मीकभाऊ ओशाळून म्हणाले. "दार असेलच असं धरून चाललो."

"गल्लीतून वळलं की आहे ना बाबा," सरिता म्हणाली. " एवढी मोठी पाटी लावलीय."

"पाटी मला वाचता येत नाय. दार कळतं." मंगळूचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "गल्लीत वळली की तू कुठं गेली, ते कोण सांगणार मला? चल सिन्नरला. कामावर दोघं राहू."

दहावीची गुणपत्रिका सरिताच्या पिशवीत होती. तिनं पिशवी छातीशी धरली. "भाऊ, बेल देऊ नका," असं म्हणून ती उतरली आणि रस्ता ओलांडून थेट भिंतीपाशी गेली.

तिथं संध्या मॅडम, कॉलेजच्या प्राचार्या, पदर खोचून वाळू नावाच्या मिस्त्रीला नकाशा दाखवत होत्या.

"मॅडम, दार इकडून का नाही?"

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "जुनी वास्तू आहे बाळा. पूर्वी यात्रेकरू गंगेकडून, नदीच्या घाटावरून यायचे, म्हणून दार त्या बाजूला. किती सुंदर कमान आहे. प्रवेश घ्यायचाय ना? जा, तिकडून ये."

"तिकडून आले तर गाडी मला घेऊन जाईल."

"कुठली गाडी?"

त्याच वेळी ड्रायव्हरनं हॉर्न दिला. लाउडस्पीकर खरखरला, "सिन्नर गाडीचे वाहक, गाडी फलाटावरून काढा." गाडीतल्या फुलवाल्या मंगलाबाई वाल्मीकभाऊंवर ओरडल्या, त्यांचा आवाज तर लाउडस्पीकरच्याही वर होता. "मास्तर, माझी शेवंती सुकली ना, तर हे सगळे हार तुमच्याच गळ्यात घालीन."

सरितानं एका दमात सगळं सांगून टाकलं. मुक्काम, शब्द, डबल बेल, सिन्नरचं काम. मॅडम ऐकत होत्या, पण नकाशा काही खाली करत नव्हत्या. बोलून भागणार नाही, हे सरिताला कळलं. तिनं ओढणी कमरेला बांधली, पिशवी खिडकीत ठेवली, परांचीच्या बांबूवर पाय दिला आणि खिडकीतून आत उडी टाकली. आत चुन्याचा वास होता आणि गार अंधार. ती वळली आणि खिडकीत उभी राहून दोन्ही हात हलवायला लागली.

"गेली बघ आत," वाल्मीकभाऊ म्हणाले.

"ती खिडकी हाय," मंगळू म्हणाला. "उद्या गज बसवतील. मग?"

बेल वाजली नाही. सरिताचे हात खाली आले, पण ती खिडकीतून हटली नाही.

"मॅडम, ज्यांनी ही बांधली त्यांनी लोक जिकडून येतात तिकडं दार ठेवलं. तुमचे यात्रेकरू आता इकडून येणार. पेठची गाडी इथं थांबते, दिंडोरीची इथं, निफाडची इथं. कमान आम्ही मधल्या सुट्टीत बघू."

मिस्त्री हसला. मॅडम खिडकीतल्या मुलीकडं बघत होत्या. मग त्यांनी वळून गाडी बघितली. एवढा आरडाओरडा चालला होता, तरी कंडक्टरचा हात दोरीवर नुसता थांबून होता.

त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. "मिस्त्री, ही खिडकी खालपर्यंत उतरवली तर?"

"वरच्या दगडाला हात लावायची गरज नाही. खालचे थर काढले की झालं दार." मिस्त्री थांबला. "पण कमिटी परवानगी देईल?"

"कमिटीला मी बघते. तुम्ही खूण करा. आत्ता."

"आत्ता?"

"गाडी उभी आहे ना."

मिस्त्रीनं गेरूत भिजवलेली दोरी काढली. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत ताणली आणि टिचकी मारली. काळ्या दगडावर तांबडी रेघ उठली. मग डावीकडं. मधोमध, वर, सरिता उभी होती. आता ती श्वासही जपून घेत होती.

पलीकडं गाडीच्या खिडकीतून मंगळूनं मान बाहेर काढली. एक रेघ बघितली, दुसरी बघितली. मान आत घेऊन वाल्मीकभाऊंना काहीतरी म्हणाला.

गेरू अजून ओलाच होता. फलाटावरून दोन टोले आले, एकापाठोपाठ एक.