तीन माणसं कमी

सातच आले.

भुसावळचे चार, अकोल्याचे दोन आणि सातवा खुद्द रहमीम. त्याच्या वडिलांना, एलोजी मास्तरांना, जाऊन आज वर्ष झालं होतं. त्यांच्या कबरीपाशी वर्षाची प्रार्थना म्हणायची तर यहुदी धर्माप्रमाणे दहा पुरुष हवेत, आणि तेही आपल्याच धर्माचे. नवावर भागत नाही, तिथे सातांचं काय घेऊन बसलात. मागच्या साली मातीला पंधरा-सोळा जण सहज जमले होते. त्यातले बरेचसे बिऱ्हाडं आवरून इस्राएलला गेले. सोमवारी रहमीमही निघणार होता. म्हणजे बापासाठी प्रार्थना म्हणायची ती आजच, नाहीतर राहिलीच.

कबर पिंपळगाव राजाच्या शाळेमागे, उत्तमरावांनी दिलेल्या जमिनीच्या तुकड्यात होती. भोवती तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे अर्धं गाव सकाळीच आंघोळी उरकून उभं होतं. रहमीमला वाटलं, पाहायला आले असतील.

तेवढ्यात फाटक उघडून तिघे आत आले. पुढे उत्तमराव, मागे निवृत्ती आणि कचरू. तिघांच्या डोक्यावर धुतलेल्या टोप्या.

"तीन कमी हायेत ना? हे घे, आम्ही आलो," उत्तमराव म्हणाले.

दहाचा हिशेब गावाला तोंडपाठ होता. मास्तर शाळेत शिकवत आणि आसपासच्या रेल्वेतल्या यहुद्यांचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारेही तेच. शुक्रवारी संध्याकाळी ती मंडळी प्रार्थनेसाठी मास्तरांकडे मुक्कामाला येत. दहावा माणूस पोचेपर्यंत मास्तर रस्त्याकडे डोळे लावून ओसरीवर बसत आणि तोवर गावातल्या पोरांचे पाढे घेत. पाढा आला की मनुकांच्या सरबताचा पेला. अडला तर पेला आधी. "घसा कोरडा पडला असेल," म्हणायचे. पोरं मुद्दाम अडत, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या पोरांत उत्तमराव पाटलांच्या घरातले आणि कचरू बौद्धवाड्यातला. दोघांना एका सतरंजीवर बसवून एकाच तांब्यातून सरबत देणारा माणूस त्या काळी गावात दुसरा नव्हता.

आजच्या तिघांची निवड काही सुखासुखी झाली नव्हती. सातच जण येणार हे कळताच काल पारावर त्यावरून चांगलीच जुंपली होती. ज्यांचा नंबर लागला नाही, ते दोघं अजून रुसून बाहेर उभे होते.

रहमीमला भरून आलं. हो म्हणणं किती सोपं होतं.

"काका," तो म्हणाला, "तुम्हाला मोजता येणार नाही."

"काऊन? आमचं काही चुकलं का?"

"नाही हो. माणूस आमच्यातलाच लागतो. बाबांनी जन्मात कधी नवावर प्रार्थना म्हटली नाही. आज त्यांच्याच कबरीपाशी मी खोटे दहा कसे मोजू?"

उत्तमरावांना लागलं. ते लपवायला त्यांनी उगाच कुंपणाची तार ओढून पाहिली. मग म्हणाले, "बरोबर हाये तुझं. मास्तरनं बी हेच सांगतलं असतं."

"मंग दहा नसले तर तुमच्यात काय करतात?" कचरूनं विचारलं. तो आता देऊळघाटच्या शाळेत मास्तर होता; प्रश्न अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती.

"गेलेल्या माणसाच्या नावानं अभ्यास करतात. धर्मग्रंथातलं काही वाचतात, पाठ म्हणतात."

"त्याले किती माणसं लागतात?"

"त्याला मोजदाद नाही. कितीही चालतात."

"ग्रंथातलं काही आमाले येत नाही. मास्तरनं शिकवलं तेवढं येते. ते चालते का?"

रहमीमनं कबरीकडे पाहिलं. शास्त्र यावर काय म्हणतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. बाबा काय म्हणाले असते, ते मात्र पक्कं ठाऊक होतं.

"चालतं," तो म्हणाला.

"अन् बायका?" कुंपणापलीकडून सिंधूताईंनी विचारलं. गावातली चौथी पास झालेली पहिली मुलगी त्याच.

"बायकाही."

मग फाटकाची वाट कोण बघतो. तारा वर धरून, पदर-धोतरं सांभाळत सगळं गाव आत आलं. रुसलेले दोघं सगळ्यांच्या आधी. कबरीभोवती पाय ठेवायला जागा उरली नाही. उत्तमराव हाताची घडी घालून कचरूच्या शेजारी उभे राहिले.

"कोणता म्हणायचा?" निवृत्तीनं हळूच विचारलं.

"एकोणतीसचा," सिंधूताई म्हणाल्या. "मास्तरसमोर सोपा कायले?"

एकोणतीस एके एकोणतीस. सुरुवातीला आवाज चाचरले. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. भुसावळचा म्हातारा गार्ड डोळे मिटून सुरात सूर मिसळू लागला. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी म्हणेपर्यंत पाढ्यानं ठेका धरला, आणि कोणता आवाज कुठल्या धर्माचा ते कळेनासं झालं. रहमीमही म्हणत होता. आपण एका खेड्यातल्या मास्तरांचा मुलगा आहोत याचा इतका अभिमान त्याला आजवर कधी वाटला नव्हता.

पाढा संपला.

रहमीमनं डोळे पुसले. "पुढच्या वर्षी मी इथे नसेन," तो म्हणाला. "या दिवशी बाबांच्या नावानं..."

सिंधूताईंनी पदर खोचला.

"काऊन रे बापू," त्या म्हणाल्या, "तुझ्या बापानं आमाले काय एकच पाढा शिकवला का?"