नवरीची बॅग

"भरून बघायची आहे," आत्या म्हणाली.

बॅगवाल्याला आधी कळलंच नाही. "काय भरून?"

"बॅग. रिकामी काय, कोणीही उचलेल."

आईने कपाळाला हात लावला. सकाळपासून लेकीला लग्नात द्यायच्या वस्तूंची खरेदी चालली होती आणि सकाळपासून नणंदबाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. कुकर घेताना ती दुकानाच्या दारात, डबे घेताना फुटपाथवर. इस्त्री बघायला तर ती आत आलीच नाही. बॅगांच्या दुकानात मात्र सगळ्यांच्या आधी शिरली होती आणि आता हटायचं नाव घेत नव्हती.

आईचं कधीच ठरलं होतं. तीन बॅगांचा संच, एकात एक बसणारा, चकचकीत, खाली चाकं. हॉलमध्ये मांडला की चार लोकांनी वळून बघावं असा. आत्याने बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या एका साध्या कापडी बॅगेकडे.

"अगं, लग्नात असली कोण देतं?" आई कुजबुजली. "आणि हिला चाकं कुठायत?"

"चाकं जिन्यावर चालत नाहीत."

एवढं बोलून आत्याने सकाळची सगळी खरेदी त्या बॅगेत कोंबली. कुकर, इस्त्री, डबे. चेन लागेना तेव्हा वर गुडघा देऊन लावली. मग बॅग नवऱ्या मुलीपुढे सरकवली.

"ठके, उचल. त्या माळ्यापर्यंत जा आणि परत ये."

ठकीला हसू आवरेना. तिला सगळ्या बॅगा सारख्याच, अर्धं लक्ष फोनमध्ये. "आत्या, उचलायला तो असेल ना!"

"नसला तर?"

आईचा चेहरा उतरला. तिने बॅगवाल्याकडे ओशाळं हसून पाहिलं आणि मग आवाज दाबून आत्याला म्हणाली, "लग्न तोंडावर आलंय, आणि तू पोरीला पळायला शिकवतेस?"

"पळायला नाही, वहिनी. उचलायला."

बॅगवाला छताकडे बघू लागला. ठकीने फोन खिशात टाकला, दोन्ही हातांनी बॅग उचलली आणि माळ्याचा लाकडी जिना चढली. वरून "झालं का समाधान?" असं ओरडली आणि एकेक पायरी चाचपत खाली आली. तिला चांगलीच धाप लागली होती.

"जमतंय की!" ती म्हणाली.

आत्याच्या जिवात जीव आला. "हीच बांधा," ती बॅगवाल्याला म्हणाली.

आई लेकीच्या हातांकडे बघत राहिली. दोन्ही मुठी बंदांवर आवळलेल्या, बोटं पांढरी पडलेली. इतकी वर्षं एका घरात काढून जे कधी विचारलं नव्हतं, ते तिच्या तोंडून भर दुकानात निघून गेलं.

"तू सासरहून आलीस ना... मी दूध घ्यायला दार उघडलं, तर तू पायरीवर बसलेली. कधीची बसली होतीस कोण जाणे. बेल का नाही गं वाजवलीस?"

आत्या चेनची कडी उगाच इकडे-तिकडे करत राहिली.

"हातात सामान होतं, वहिनी. दोन्ही हातांत."

सामान कुठलं? लग्नात दिलेली तिची ती भलीमोठी ट्रंक चौघांनी मिळून टेम्पोत चढवली होती. ती सासरीच राहिली. आत्या आली होती ती अंगावरच्या कपड्यांनिशी. आईला हे ठाऊक होतं, आणि आईला ठाऊक आहे हे आत्यालाही.

बॅगवाल्याने सुतळी काढली. आईने त्याचा हात थांबवला.

"ही नको."

"वहिनी, पुन्हा तो संच?" आत्या तडकलीच.

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. "हिच्याहून लहान दाखवा. भरली तरी एका हाताने उचलता येईल अशी," ती बॅगवाल्याला म्हणाली. मग लेकीची एक मूठ बंदावरून हळूच सोडवत म्हणाली, "हा हात बेल वाजवायला मोकळा हवा."