बिरागोचं तोंड

"तोंड बंद कर," ओबिरी म्हणाला.

तिवाने वर पाहिलं नाही. तिच्या पुढ्यात फळीवर ओल्या मातीचं डोकं होतं. लांब मानेवर वळ्या, अर्धे मिटलेले डोळे, डाव्या भुवईवर लहानपणीचा व्रण. ओबिरीची बहीण बिरागो गेल्या आठवड्यापर्यंत अशीच दिसायची. मेलेल्यांची डोकी घडवताना तोंड मिटलेलं ठेवतात. या डोक्याचे ओठ उघडे होते. आत जीभसुद्धा केलेली होती.

"तुझ्या आईचं डोकंही मीच घडवलं," तिवा म्हणाली. "तेव्हा त्या दारात उभा राहून रडत होतास. आज हुकूम सोडतोस."

"आईचं तोंड मिटलेलं होतं."

"तिचं बोलून झालं होतं. हिचं तू मध्येच तोडलंस."

अंगणातल्या बायकांपैकी कुणीतरी खुदकन हसली आणि लगेच खोकली. शोकासाठी सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळ्यांच्या अंगावर तेच काळं कापड. नेमकी कोण हसली, ते ओबिरीला कळलं नाही.

तो कुळाचा प्रमुख होता. दुसऱ्याच्या अंगणात जमिनीवर बसायची त्याला सवय नव्हती. तरी तो बसला.

"मावशी," त्याने आवाज खाली आणला, "उत्तरकार्याला राजाची माणसं येणार. उघडं तोंड बघून विचारतील, ही काय म्हणत होती?"

"विचारू देत. सांगायला गाव आहे."

"गावाला काय माहीत?"

"मामाचं ते भाच्यांचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नदीकाठची कोलाच्या झाडांची राई तू पोटच्या पोराला दिलीस. बिरागो भर बैठकीत जाब विचारायला उठली, तर तिला वेडी ठरवून दंडाला धरून बाहेर काढलीस." तिवाने बोटं फडक्याला पुसली. "पोटचा पोर बापाच्या कुळातला असतो का रे? तो त्याच्या आईच्या कुळाचा. की तुझ्या घरात नवी रीत निघाली?"

बिरागोची मुलगी दुफी भिंतीशी उभी होती. राई तिची आणि तिच्या भावांची. पण कुळाचं गाऱ्हाणं राजापुढे मांडायचा अधिकार कुळप्रमुखाचा, आणि कुळप्रमुख समोर बसलेला होता.

"बंद कर," ओबिरी पुन्हा म्हणाला.

"आता कसं करू? ताडी ओतून झाली, नावाने हाक मारून झाली. ही आता माती नाही, बिरागो आहे. बहिणीचं तोंड दाबायचं असेल तर तुझ्या हाताने दाब."

तो दाबणार नाही, असं अंगणातल्या सगळ्यांना वाटलं.

ओबिरीने उजवा हात पुढे केला, अंगठा ओठांवर ठेवला आणि दाबला. माती मऊ होती. ओठ आणि जीभ एकदमच आत गेले. त्याने अंगठा कापडाच्या काठाला पुसला आणि उठला.

"झालं. आता भाजा."

भाजायच्या जागी पुरुष थांबत नाहीत. तो निघून गेला.

दुफी धावत पुढे आली. तिने बोट पाण्यात बुडवलं.

"हात लावू नकोस," तिवा म्हणाली.

"आजी, निदान सारखं तरी करू दे. असं विद्रूप न्यायचं का आईला?"

तिवाने डोकं उजेडाकडे वळवलं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली.

"इतकं नेमकं मला जमलं नसतं," ती म्हणाली. "जा, लाकडं रचा."

उत्तरकार्याच्या सकाळी डोकं कापडाखाली झाकून गावाबाहेरच्या झाडीत नेलं. तिथे कुळाचे जुने लोक ओळीने मांडलेले होते. कुणाचा कान गेलेला, कुणावर शेवाळ धरलेलं. सगळ्यांची तोंडं मिटलेली. पलीकडे तीन दगडांच्या चुलीवर शिजवलेलं अन्न तयार होतं. तिवाने डोकं ओळीच्या टोकाला टेकवलं आणि कापड काढलं.

ओठांच्या जागी एक खळगा होता. रुंद आणि खोल. अंगठ्याच्या कातडीवरच्या बारीक रेषासुद्धा त्यात पक्क्या भाजल्या होत्या.

दुफीने कुस्करलेल्या सुरणाचं ताट पुढे धरलं. वर अंडी होती. पहिला घास कुळप्रमुखाने उजव्या हाताने मेलेल्याच्या ओठांना लावायचा असतो. तो लागल्याशिवाय कुणी जेवत नाही.

"मामा, पहिला घास तुमचा."

ओबिरीने घास उचलला. हात खळग्याजवळ नेला आणि तिथेच थांबला. घासावर टेकलेला त्याचा अंगठा आणि तो खळगा यांच्यात वीतभर अंतर होतं. राजाच्या वतीने बोलणारा वाचादूत काठीवर रेलून पुढे वाकला. त्याने आधी खळगा पाहिला. मग ओबिरीचा हात पाहिला.

"पुढे कोणी सरकायचं नाही," ओबिरी म्हणाला. कुणी सरकलं नव्हतं.

"मामा," दुफी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई थांबली आहे."

मागच्या गर्दीतून एका म्हातारीने विचारलं, "काय झालं? का थांबलेत?"

तिला दिसावं म्हणून पुढचे बाजूला झाले.