पाठकोरा कागद

उन्हाळ्यातल्या सलग तीन सुट्ट्यांनंतर सुनेत्रा सिस्टरने चिंचपोकळीच्या दवाखान्यातला लसींचा फ्रीज उघडला, तर हाताला गारवाच लागेना. बाहेर बाकांवर बायका तान्ह्यांना घेऊन ताटकळत होत्या. “मामा, फ्रीज कोणी बंद केला?” “मी मेन स्विचच बंद केला,” शिपाई कोंडीराममामा खुशीत म्हणाले. “तुमचीच सूचना आहे, ‘जाताना सगळं बंद करा.’ वीजबचतीचं बक्षीस यंदा आपलंच.” सूचना भिंतीवर होती, तिच्याच अक्षरात. ‘फ्रीज सोडून’ हे दोन शब्द त्यात नव्हते. तिने पोलिओची बाटली उजेडात धरली. लेबलावरचा पांढरा चौकोन काळा पडला होता, म्हणजे लस वाया गेली. मामांचं तोंड उतरलं. “वर काय सांगणार, सिस्टर? दोन महिन्यांत रिटायर होतोय मी.” तिने सूचना उतरवली, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘आज लस नाही. चूक माझी,’ आणि खाली सही केली.